मेंढी चोर नव्हती

पांढुर्ण्याच्या टॉकीजचे मॅनेजर सिनेमा सुरू झाला की दाराला आतून कडी लावत आणि मग कोणीही आलं तरी उघडत नसत. ठाणेदार येवो, नात्यातला येवो, तिकीट हातात असो. दाराच्या फटीतून त्यांचा शांत आवाज येई, "आता उद्या या. आजचा सिनेमा तुम्हाले सोडून पुढे गेला." लोक चिडत, शिव्या देत, दारावर थापा मारत. ते बधत नसत. सुरुवात चुकवून सिनेमा पाहणं म्हणजे लग्नाला फक्त पंगतीपुरतं जाणं, असं त्यांचं मत होतं.

सगळे त्यांना मॅनेजर म्हणत. खरं पाहता मशीन चालवणारे तेच, तिकीट फाडणारे तेच आणि शो संपल्यावर शेंगदाण्याची फोलपटं झाडणारेही तेच. मालक नागपूरला राहत. आज पांढुर्ण्यात मॅनेजरांचा विषय निघाला की लोक कानशिलाजवळ बोट फिरवतात आणि म्हणतात, एका रविवारी भरल्या हॉलमध्ये तो माणूस बहकला, सिनेमात भलतंच काही बोलला, म्हणून मालकानं त्याच्या हातातला माईक काढून घेतला.

मी जवळच्याच सौंसर गावच्या शाळेत हेडमास्तर होतो. त्या रविवारी मी तिथे होतो. ते बहकले नव्हते. हे मी त्याच दिवशी एका माणसाला सांगितलं असतं तर माईक त्यांच्या हातात राहिला असता. मी सांगितलं नाही. आता माझं वय झालं आहे, लिहिता येतं तोवर लिहून टाकतो.

आमची ओळख सौंसरच्या गुरांच्या बाजारात झाली. मी बाजूच्या दुकानातून दोरी घ्यायला गेलो होतो. एक उंच, वाकलेला माणूस मेंढीच्या तोंडाजवळ कान नेऊन उभा होता. मेंढीवाला तिचे दात दाखवत होता, पाठीवर हात फिरवून लोकर दाखवत होता.

"दात राहू दे," तो माणूस म्हणाला. "तिले बोलू दे जरा."

मेंढी काही बोलेना. बराच वेळ वाट पाहून त्यानं मान हलवली. "हे बोलून नाई राह्यली. दुसरी दाखव."

मेंढीवाल्यानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भाऊ, तुले मेंढी पायजे का बायको?"

आजूबाजूचे हसले. तो माणूस मात्र दुसऱ्या मेंढीकडे वळला होता. ती ओरडली, तसे त्यानं डोळे मिटले आणि स्वतःच्या गळ्यात तो सूर हळूच घोळवून पाहिला. मला राहवेना. मी विचारलं, काय चाललं आहे. ते मॅनेजर निघाले. त्यांनी मला चहाच्या टपरीवर नेलं आणि सगळं सांगितलं.

टॉकीजमध्ये एक सिनेमा आला होता. परदेशी, चित्रांचा, हिंदीत डब केलेला. नागपुरात तो आठवडाभरही टिकला नाही. कोणी त्याचं नाव घेतलं नाही, पोस्टरसुद्धा धड आली नाहीत. मालकानं तो पांढुर्ण्याला पाठवला तो केवळ रविवारची सकाळ रिकामी जाऊ नये म्हणून. मॅनेजरांनी तो एकट्यानं पाहिला आणि त्यांना तो फार आवडला.

गोष्ट साधीच होती. डोंगरातलं जनावरांचं एक गाव. गावच्या मनोऱ्यावरची पितळी घंटा एका सकाळी नाहीशी होते. शोध घेणारे दोघे, एक लंगडा म्हातारा कुत्रा आणि त्याच्याबरोबर सतत बडबडणारी कोंबडी. संशय कावळ्यावर जातो, बकऱ्यावर जातो, कोल्ह्यावर जातो. शेवटी घंटा सापडते ती गवताच्या गंजीत, आणि चोर निघते सगळ्यात गरीब, खाली मान घालून चालणारी मेंढी.

"सिनेमा चांगला हाये," मॅनेजर म्हणाले, "पण कुत्रा म्हणते, मुझे संदेह है. आता मले सांगा गुरुजी, कोणत्या कुत्र्याले संदेह होते? आपला कुत्रा म्हणन, मले काई बराबर वाटून नाई राह्यलं."

म्हणून त्यांनी ठरवलं होतं, रविवारी पोरांच्या शोला आवाज बंद करायचा आणि सगळ्या जनावरांचं आपण माईकवरून बोलायचं. कुत्रा जमला होता, कोंबडी तर त्यांच्या शेजारणीवरून उचलली होती. मेंढी अडली होती.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम सौंसरहून पांढुर्ण्याला गेलो. वेळेआधी पोचलो. हॉलमध्ये थोडीच पोरं होती. गाणी त्यांनी तशीच ठेवली होती, पण बोलणं सुरू झालं की आवाज बंद व्हायचा आणि मागच्या दाराजवळून माईकवर ते सुरू व्हायचे. आवाजाचं बटण त्यांनी दाराजवळच लावून घेतलं होतं आणि माईकची तार लांब होती. एका हातात माईक आणि दुसरा हात दाराच्या कडीवर, असे ते उभे असत. जनावरांच्या ओठांशी त्यांचं बोलणं असं जुळायचं की थोड्या वेळानं मी मागे वळून पाहायचंच विसरलो. कावळा तहसीलच्या बाबूसारखा बोलायचा, प्रत्येक गोष्टीला उद्या या म्हणायचा. कोंबडी चोराच्या मागे पळताना मध्येच म्हणायची, "थांबा ना हो, माह्ये अंडे थंडे होऊन राह्यले." आमच्या घरी, गल्लीत, शेतात जी बोली बोलत होतो ती पडद्यावर कोणी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. शाळेत तर ती मी पोरांच्या तोंडून काढून टाकायचं काम करत होतो.

मध्यंतर झालं तरी दार उघडलं नाही. मॅनेजर पडद्यासमोर आले आणि प्रत्येक पोराला उभं करून विचारू लागले, तुझा संशय कोणावर. कोणी कावळा म्हणालं, कोणी कोल्हा. एक लहान पोरगी म्हणाली, कुत्राच चोर आहे, तो उगीच लंगडतो. त्यांनी तिचं म्हणणं फार गंभीरपणे ऐकून घेतलं. सगळ्यांचं झाल्यावरच दार उघडलं आणि पोरं मुतायला पळाली.

शो संपल्यावर आणखी एक रीत होती. दारात ते आडवे उभे राहत आणि चोराचं नाव बाहेर सांगणार नाही अशी शपथ घेतल्याशिवाय कोणाला जाऊ देत नसत. शपथ आपल्या आवडत्या वस्तूची. पोरं सायकलची घेत, बकरीची घेत, एकानं मामाच्या मोटारसायकलची घेतली. माझी पाळी आली तेव्हा मी हसून बाजूनं निघू पाहिलं.

"गुरुजी असले म्हणून काय झालं," ते म्हणाले. "कशाची घेता?"

मागे पोरं खोळंबली होती. मी चष्म्याची घेतली आणि बाहेर आलो. मला तो पोरखेळ वाटला होता, हे इथे लिहायला हवं.

त्यांच्या आणखी किती गोष्टी सांगाव्या. ते कुत्र्यांना 'अहो' म्हणत आणि माणसांना 'अरे'. सिनेमात कोणी मेलं की त्या शोनंतर चहा घेत नसत. रडका सिनेमा असला की तिकीट देतानाच बायकांना सांगत, "बाई, आज रुमाल आणला का? नाई तर पदर खराब होईन." घरात एकटेच असत. लग्न का नाही केलं असं कोणी विचारलं की म्हणत, "रात्रीचा शो सुटते कधी, अन् जेवाले घरी जायाचं कधी?" तिगावला त्यांची एक भाची होती, तेवढंच नातं.

मालकाला हे माईकचं कळलं. कोणी कळवलं ते माहीत नाही. ज्यांनी सिनेमा दिला ती कंपनी भांडेल, अशी त्यांना भीती होती. पण पोरांची गर्दी वाढते आहे हेही कानावर आलं होतं. म्हणून त्यांनी निरोप धाडला, अमुक रविवारी मी स्वतः येतो, पाहतो, आणि मग माईक ठेवायचा की नाही ते सांगतो. मॅनेजर दुसऱ्याच दिवशी बसनं माझ्याकडे सौंसरला आले. शाळेच्या ओट्यावर बसले. पाणीही घेतलं नाही.

"गुरुजी, त्या दिवशी हॉल भरला पायजे," ते म्हणाले. "मालकानं एकदा पाह्यलं ना, का पोट्टे कसे बसते, मंग ते नाई म्हणणार नाई. अन् नाई म्हटलं तर मी तिथं फक्त तिकीट फाडणारा. मंग जगून तरी काय करू तिथं."

हे ते हसतच म्हणाले. शाळेची सहल दरवर्षी जामसांवलीच्या मारुतीला जायची. त्या वर्षी मी ती पांढुर्ण्याला न्यायची ठरवली. एका पालकाची संत्र्याची मेटाडोर मिळाली, दुसऱ्यानं ट्रॅक्टर-ट्रॉली देतो म्हटलं. मॅनेजर खुशीत परत गेले.

आणि शनिवारी सकाळी मी ती चूक केली.

आमच्या शाळेत प्रार्थनेनंतर मी रोज एक बोधकथा सांगत असे. त्या दिवशी काहीच तयार नव्हतं. समोर सगळी शाळा रांगेत उभी होती, उन्हात. उद्याच्या सहलीच्या सूचना दिल्या, आणि त्या ओघात मला वाटलं, यातूनच काही शिकवण द्यावी. मी म्हणालो, मुलांनो, उद्या आपण जो सिनेमा पाहणार आहोत त्यात सगळ्यात गरीब दिसणारी मेंढीच शेवटी चोर निघते, तेव्हा कोणाच्या दिसण्यावर जाऊ नये. आवाज मी नेहमीप्रमाणे खणखणीत लावला होता. मागच्या रांगेपर्यंत गेला. सुविचार सांगितल्याच्या समाधानात मी ऑफिसात जाऊन बसलो. शपथ आठवलीसुद्धा नाही. वर्षानुवर्षं प्रत्येक गोष्ट शेवटाकडून सुरू करायची सवय, तिचा हा परिणाम.

रविवारी हॉल भरला. जागा कमी पडली म्हणून लहान पोरं पडद्यापुढे सतरंजीवर बसली. वेळ झाली, मालक आले नव्हते. मॅनेजर दारात उभं राहून बसस्टँडच्या दिशेनं पाहत होते. मी त्यांना म्हटलं, थोडं थांबू. त्यांनी पोरांकडे पाहिलं. "हे वेळेवर आले ना," असं म्हणाले आणि कडी लावली.

सिनेमा सुरू झाल्यावर थोड्या वेळानं दारावर थाप पडली. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळच होतो. बाहेरून आवाज आला, उघड, मी आहे. पडद्यावर नेमका कुत्रा एका दारासमोर उभा होता. मॅनेजरांनी कुत्र्याच्याच आवाजात माईकवर म्हटलं, "कोण हाये बे दारावर? आता उद्या ये." पोरं हसली.

"अरे मी मालक आहे," बाहेरचा आवाज म्हणाला.

मॅनेजरांनी माईक खाली केला आणि फटीतून म्हणाले, "मंग तर तुम्हाले टाइम माहीत असन."

मालक बाहेर सायकल स्टँडवाल्याच्या स्टुलावर बसून राहिले.

पण आत काही बरोबर चाललं नव्हतं. मेंढी पडद्यावर आली की पोरं ओरडत, मेंढी, मेंढी. कुत्रा कावळ्याच्या मागे लागला की हसत आणि म्हणत, तिकडे नाई, इकडे. ज्या गोष्टीत गेल्या वेळी पोरं श्वास धरून बसली होती ती आता नुसती पळापळ झाली होती. सतरंजीवरची पोरं एकमेकांना ढकलू लागली. तेव्हा मला शनिवारची प्रार्थना आठवली.

मध्यंतर झालं. मॅनेजर पुढे आले आणि त्यांनी विचारलं, संशय कोणावर. सगळा हॉल एका आवाजात म्हणाला, मेंढी.

मग त्यांनी विचारलं, कशावरून. आमच्या शाळेतली रामाकोना गावची एक हुशार पोरगी उठून उभी राहिली, प्रार्थनेत उभं राहतात तशी ताठ.

"बडे गुरुजींनी सांगतलं," ती म्हणाली.

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कोणाकडेही न पाहणं सोपं नसतं, पण ते त्यांना जमलं. "गुरुजींनी सांगतलं म्हणजे काई तरी असनच," ते म्हणाले. "पाहू आता." मग त्यांनी दार उघडलं आणि मालक आत येऊन माझ्या शेजारी बसले.

शेवटचा प्रसंग असा होता. गंजीत घंटा सापडते. सगळं गाव गोल करून उभं राहतं. मेंढी मान खाली घालून बराच वेळ बोलते. कुत्रा तिच्या खांद्यावर पंजा ठेवतो. आणि शेवटी, मागे कुंपणावर बसलेला कोंबडा नुसताच दिसतो. मूळ सिनेमात त्या कोंबड्याला काही बोलणं नाही.

मेंढी बोलू लागली. पोरांचा गोंगाट चालूच होता. मॅनेजरांची मेंढी फार हळू बोलत होती. ती म्हणाली, "घंटा मीनंच नेली. मले काई विचारू नका." पोरं म्हणाली, आम्हाला माहीतच होतं. तेवढ्यात कुत्र्यानं तिच्या खांद्यावर पंजा ठेवला आणि म्हणाला, "तू खोटं बोलून राह्यली. घंटा आल्यापासून कोंबड्याले कोणी विचारत नव्हतं. पहाटे त्याचं आरवणं कोणाले लागत नव्हतं. त्यानं रागानं घंटा काढली, तुले सापडली, अन् त्याची बेइज्जती होऊ नये म्हणून तू लपवली. हो का नाई?"

गोंगाट थांबला. पडद्यावर कुंपणावरचा कोंबडा आला. त्याची चोच बंद होती. मॅनेजरांनी त्याला एवढंच बोलायला दिलं, आणि तेही अगदी आतल्या आवाजात, "मी सांगणार होतो. उद्या सांगणार होतो."

पडदा पांढरा झाला. एवढी पोरं, पण कोणी उठेना. मग पुढच्या सतरंजीवरून कोणीतरी विचारलं, मग मेंढीला सोडलं का? मॅनेजरांनी माईकवर सांगितलं की ते गावकऱ्यांवर आहे.

मालक बाहेर आले ते तापूनच. टॉकीजच्या ओट्यावर आमच्या शाळेचे मास्तर होते, काही पालक होते. मॅनेजर पायरीवर बसून माईकची तार गुंडाळत होते.

"गुरुजी, तुम्ही शिकलेले," मालक मला म्हणाले. "हा सिनेमा मी नातवंडांसोबत नागपुरात पाहिला आहे. मेंढी चोर आहे. यानं हे काय सांगून दिलं पोरांना? कशासाठी?"

मला एवढंच सांगायचं होतं की शेवट मी फोडला होता आणि या माणसानं तो पोरांसाठी नवा करून दिला. पण माझे मास्तर माझ्याकडे पाहत होते. चष्म्याची शपथ मोडली, हे वाक्य मोठ्या माणसानं चारचौघांत बोलायचं कसं, असं मला वाटलं. मोठं काही नव्हतं, म्हणूनच तोंडातून निघालं नाही.

"स्वभाव आहे त्यांचा," मी म्हणालो. "मनात येईल ते करतात."

तार गुंडाळणारे हात थांबले नाहीत. मॅनेजर मालकांना म्हणाले, "शेवटी पोट्टे कसे बसले होते, तेवढं पाह्यलं का तुम्ही?"

"पोट्टे बसतील रे," मालक म्हणाले, "कंपनी गप बसेल का?" आणि त्यांनी हात पुढे केला. मॅनेजरांनी गुंडाळलेली तार आणि माईक त्यांच्या हातात दिला.

पुढे काही वर्षं ते तिकीट फाडत राहिले. दाराची कडी मात्र लावत नसत. उशिरा येणाऱ्यालाही मुकाट आत सोडत. मग टॉकीज बंद झाली आणि ते तिगावला भाचीकडे गेले. मी भेटायला गेलो नाही. बाजारात दिसले तर मी दुसऱ्या गल्लीनं जात असे.

यंदा रामाकोन्याला एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी लग्न होतं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि मंडपात गप्पा रंगल्या. कोणीतरी बहकलेल्या मॅनेजरांची गोष्ट काढली, कोंबड्याची नक्कल केली. सगळे हसले. सवयीनं मीही हसलो. तेव्हा पाणी द्यायला आलेली एक बाई माझ्याजवळ थांबली. "जय भीम, सर. ओळखलं का? इंटरव्हलमध्ये उठून मीच सांगतलं होतं."

मी ओळखलं.

"घरी गेल्यावर बाबा म्हणाले, चारचौघांत गुरुजींचं नाव कायले घेतलं. मंग आम्ही कोणीच नाई घेतलं. सगळ्या शाळेले माहीत होतं, सर. आम्हाले वाटलं, तुम्ही सांगान."

तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. ती पुढच्या माणसाला पाणी द्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी गाडीनं तिगावला गेलो. मॅनेजर अंगणात खाटेवर बसले होते. पार वाळले होते. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, सगळं. ते ऐकत राहिले.

"मी तर तिथंच होतो, गुरुजी," ते म्हणाले. "मले काय सांगता." मग त्यांनी भाचीचा मोबाइल मागवला. तो सिनेमा आता मोबाइलवर होता. भाचीनं शोधून दिला. त्यांनी आवाज बंद केला, बोटानं सरकवत शेवटाला आणला आणि मोबाइल आमच्या दोघांच्या मध्ये उशीला टेकवून ठेवला. मेंढीचं ते बोलले. आवाज फाटला होता, पण मेंढी तीच होती. कुत्र्याचंही बोलले. कुंपणावर कोंबडा दिसला तसा त्यांनी सिनेमा थांबवला.

"याचं तुम्ही बोला."

मी म्हणालो, "घंटा मी चोरली. दोष माझा आहे."

"कोंबडा प्रार्थनेले उभा हाये का?" ते म्हणाले. "असा नाई बोलत तो. घरी कसे बोलता तसं बोला."

मी पुन्हा म्हणालो, "मीनं केलं. मेंढी उगीच बोलणं खाऊन राह्यली."

"आता बराबर हाये. पण मागच्या रांगेले ऐकू नाई गेलं."

मी मोठ्यानं म्हटलं. शेजारच्या अंगणात कपडे वाळत घालणारी बाई थांबली आणि कुंपणावरून आमच्याकडे पाहू लागली. काय झालं, असं तिनं विचारलं.

"काई नाई बाई," मॅनेजर म्हणाले. "कोंबडा बोलून राह्यला." आणि मला म्हणाले, "हं, आणखी एकदा."